जेवणाआधी पियानो

मला पियानो शिकायला घातलं ते मी हुशार होते म्हणून नव्हे, आणि आमच्या घराला संगीताची आवड होती म्हणून तर मुळीच नव्हे. आमच्याकडे संगीत म्हणजे रेडिओवर बाजारभाव सुरू व्हायच्या आधी जे काही वाजायचं ते. मला पियानोला घातलं ते मी चिंचेच्या झाडावरून पडले म्हणून.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. सोलापुरातला मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. शाळेमागच्या झाडावर गाभुळलेल्या चिंचा होत्या आणि खाली माझ्या वर्गातल्या चार मुली फ्रॉकची झोळी करून उभ्या होत्या. फांदी मोडली नाही, मी मोडले. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला दवाखान्यात न नेता एका हाडवैद्याकडे नेलं, कारण तो त्यांच्या लुगड्यांच्या दुकानाचा जुना गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाइकावर अप्पांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यानं मनगटाला बांबूच्या कांबी लावल्या आणि वर कापड गुंडाळलं. कापड आमच्याच दुकानातलं असल्यामुळे ते कमी पडलं नाही. दीड महिन्यानं सोडलं तेव्हा हाड जुळलं होतं, पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळून बसली होती. ओढली की सरळ व्हायची, सोडली की परत जागेवर.

घरात यावरून दोन दुःखं होती. आईचं दुःख भाकरीचं. या हातानं ही पोरगी भाकरी थापणार कशी, असं ती परातीपुढं बसून रोज म्हणायची. मला त्यात दुःखासारखं काही दिसत नव्हतं. दुसरं दुःख आत्याचं, आणि ते फार मोठं होतं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आली, ती आमच्या घराची मुख्यमंत्रीच होऊन बसली. आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग गळ्यात बांधलेलं असतं आणि पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेतात. वेगळं देवघर लागत नाही, तो तळहातच देवघर. येत्या श्रावणात अक्कलकोटकडचे एक स्वामी आमच्या घरी येऊन मला दीक्षा देणार होते, तारीखसुद्धा ठरली होती.

“तळहात उघडत न्हाय, लिंग कुटं ठेवायचं हिनं?” आत्या म्हणाली.

“उलट बरंय की. बोटं वाकडी असली तर पडणार तरी नाही,” मी म्हणाले. पाठीत धपाटा बसला. त्याच दिवशी आत्यानं सिद्धेश्वराला सांगितलं की पोरीचा तळहात सपाट उघडेपर्यंत मी चहा घेणार नाही.

हे किती भयंकर होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आत्या दिवसातून पाच वेळा चहा प्यायची, पितळेच्या पेल्यातून बशीत ओतून, डोळे मिटून. तिनं अन्न सोडलं असतं तर घराला एवढा त्रास झाला नसता. चहा सुटल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं आणि आमची सगळ्यांची दुखायला लागली.

शेवटी अप्पांनी मला सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं बोटं ओढून पाहिली, दाबून पाहिली आणि म्हणाला, “एक एक बोट वेगळं उचलता आलं पाहिजे. व्यायाम हवा. टायपिंग शिकवा, पियानो शिकवा, काहीही करा, पण बोटं बसू देऊ नका.” माझी खात्री आहे, पियानो त्यानं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. पण अप्पांच्या लेखी डॉक्टरच्या तोंडून आलेला शब्द म्हणजे औषध. आधी आम्ही टायपिंगच्या क्लासात गेलो. तिथल्या मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून, मॅट्रिक झाल्यावर या, असं सांगितलं. उरला पियानो.

पियानो असलेल्या आमच्या ओळखीच्या एकच बाई होत्या. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, चर्चजवळच्या बैठ्या घरात राहणाऱ्या. ओळख म्हणजे त्या वर्षातून एकदा अप्पांच्या दुकानात पांढरी पातळं घ्यायला येत, एवढीच. अप्पा मला आणि आत्याला घेऊन भर दुपारी चार वाजता त्यांच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी सरळ व्यवहाराचं बोलणं काढलं.

“बाई, हिला गाणंबिणं काय शिकवू नका. डॉक्टरनं फकस्त बोटांचा व्यायाम सांगितलाय. तेवढाच द्या.”

बाईंनी माझा हात पाहिला, मग अप्पांकडे पाहिलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

“दिवसातनं किती वेळा द्यायचा?”

“तीन वेळा.”

“जेवणाआधी का जेवणानंतर?”

बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. “जेवणाआधी,” त्या म्हणाल्या. “बोटं तेलकट नकोत.”

“आन पथ्य?”

“नखं कापायची.”

अप्पांनी मान डोलावली. पथ्य इतकं थोडं असल्याबद्दल आत्याला मात्र शंका आली. इंग्लिश औषध गरम असतं, असं म्हणून तिनं घरी आल्यावर माझं वांगं, लोणचं आणि दही बंद केलं. पियानोमुळे वांगं सुटलेली मी सोलापुरातली पहिलीच मुलगी असणार.

पियानो काळा, उंच आणि म्हातारा होता. पट्ट्या दातांसारख्या पिवळ्या पडल्या होत्या. खालची फळी काढून बाई आत पाण्यानं भरलेलं एक पातेलं ठेवत, कारण आमच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आतल्या तारा सैल पडायच्या. हे आत्यानं पाहिलं आणि ती दारातच बसली. “अय्यो! माणसांनी टँकरमागं घागरी घिऊन पळायचं, आन ही पेटीला पाणी पाजती!” बाईंनी आत्यालाही पेलाभर पाणी आणून दिलं. आत्यानं ते घेतलं, पण पियानोशी तिचं शेवटपर्यंत जमलं नाही.

व्यायाम असा होता. अंगठा एक, करंगळी पाच. पाचही बोटं शेजारच्या पाच पट्ट्यांवर दाबून ठेवायची आणि त्यातलं एकच उचलून चार वेळा आपटायचं. मग पुढचं. अंगठा आज्ञाधारक होता. दुसरं बोट चुगलखोर, सारखं दुसऱ्याच्या कामात. तिसरं उंच आणि गर्विष्ठ. चौथं म्हणजे माझं वाकडं, ते उचल म्हटलं की अख्खा हात उचलायचा, खांदा उचलायचा, माझी जीभ बाहेर यायची, पण बोट हलायचं नाही. करंगळी त्याच्याकडे बघून बसलेली. हात हलू नये म्हणून बाई हाताच्या पाठीवर एक कच्चा शेंगदाणा ठेवत. व्यायाम संपेपर्यंत पडला नाही तर तो खायचा. पहिला दीड महिना मला एकही शेंगदाणा मिळाला नाही. बाई पडलेला शेंगदाणा उचलून, पुसून, शांतपणे स्वतः खात. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, त्यांना शेंगदाणे आवडत होते.

घरी पियानो नव्हता, पण डोस तर तीन वेळा घ्यायचा होता. अप्पांनी जेवायचा एक पाट घेतला आणि दुकानातल्या शिंप्याच्या खडूनं त्यावर पट्ट्या आखल्या. आई चुलीपुढं भाकऱ्या थापतेय आणि शेजारी मी पाट थापतेय, असा आमचा सकाळ, दुपार, संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला. आईच्या थापण्यातून निदान भाकरी निघायची.

गल्लीत मात्र अप्पांनी, मुलगी पियानो शिकते, एवढंच सांगितलं होतं. मग पाहुणे यायचे. कुंभारीहून अप्पांचे एक चुलते आले, सुपारी कातरून झाल्यावर म्हणाले, “वाजव की काय तरी, ऐकू तरी दे.” मी पाट आणला. मांडी घातली आणि एक, एक, एक, एक, दोन, दोन, दोन, दोन असं पाचपर्यंत जाऊन परत आले. ते मान हलवत लक्ष देऊन ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, “लई भारी. पर आवाज कुटं हाय?”

“आवाज बाईंकडं हाय,” अप्पा म्हणाले. चुलत्यांचं समाधान झालं.

हळूहळू गल्लीला कळलं की हे औषध आहे. मग ज्यांची बोटं धरतात, मनगट दुखतं, खांदा चमकतो अशा बायका दुपारी आपापले पाट घेऊन येऊ लागल्या. अप्पांनी खडू पुरवला. एका दुपारी आमच्या सोप्यात सहा बायका ओळीनं बसून एक, दोन, तीन, चार, पाच आपटत होत्या आणि मी बाईंसारखा चेहरा करून त्यांच्या हातांवर शेंगदाणे ठेवत फिरत होते. समोरच्या विणकराची बायको, जी दिवसभर विड्या वळायची आणि घरात तेलुगू बोलायची, ती नुसती बघायला आली होती. तिनं पाट ओढला, पाचही बोटं इतक्या वेगानं आणि इतकी वेगवेगळी फिरवली की सगळ्या थांबल्या. शेंगदाणा जागचा हलला नव्हता. “एवढंच की?” ती म्हणाली, शेंगदाणा तोंडात टाकला आणि विड्यांकडे परत गेली. आत्यानं पाटाला कधी हात लावला नाही. कोपऱ्यात कपाळाला सुंठ लावून पडून ती म्हणायची, “साकु, साकु, पुरे करा, डोकं उठलं.”

आता मुख्य गोष्ट सांगते. वैशाखातल्या एका दुपारी माझं चौथं बोट उचललं गेलं. मी काही खास केलं नव्हतं. बाई म्हणाल्या चार, आणि चार उठलं, एकटं, आणि पट्टीवर पडलं. स्वच्छ आवाज आला. मी परत उचललं. मग करंगळी. शेंगदाणा हातावर होता. मी तो खाल्ला आणि मला रडू आलं, शेंगदाणा खारवलेला नसूनही तो खारट लागला. बाईंनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि एक छोटी चाल वाजवली. नक्की काय होतं ते मला माहीत नाही, मिनिटभराचं असेल. उजवा हात काहीतरी सांगत होता आणि डावा, जो इतके दिवस मला फक्त मोडका हात म्हणून माहीत होता, तो त्याला उत्तर देत होता. “ही पहिली,” बाई म्हणाल्या. “श्रावण संपेपर्यंत बोटं पक्की होतील, मग तुला देईन.”

मी घरी उड्या मारत आले. दारातच अप्पांचा आवाज ऐकू आला. ते आईला सांगत होते, “गुण आला म्हंजे झालं. बोटं सरळ झाली की बाईंचं बंद करू. औषध काय जन्मभर घ्यायचं असतंय व्हय?”

मी चपला काढल्या, आत गेले आणि दोन्ही बोटं वळवून घेतली.

त्यानंतर अडीच महिने मी घरी लुळी आणि बाईंकडे धडधाकट होते. खोटं बोलायला अक्कल लागते असं म्हणतात, पण खरी लागते ती सवय. जेवताना वाकडी, वेणी घालताना वाकडी, आत्या सकाळी तपासायची तेव्हा अगदी वाकडी. बाईंकडे गेले की ती उलगडायची. दुसरं कारण भाकरीचं होतं हेही कबूल करते, पण ते खरंच दुसरं होतं. मला ती चाल हवी होती. इतकं हवंसं मला त्याआधी काही वाटलं नव्हतं, चिंचासुद्धा नाहीत.

अप्पा आठवड्यातून एकदा मला घ्यायला येत आणि विचारत, “बाई, किती फरक?” पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मी पायरीवर उभी राहून बोटं वळवली. बाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, संपलं. त्या अप्पांना म्हणाल्या, “फरक आहे. पण चौथं बोट अजून आळशी आहे.” यात खोटं काही नव्हतं. चौथं बोट सगळ्यांचंच आळशी असतं, मोठमोठ्या वादकांचंही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अप्पांना सांगितलं नाही. मला वाटतं त्या घरात दुपारी चार वाजता कुणीतरी यावं, असं त्यांनाही वाटत असणार.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण आत्या होती. तिचं चिडणं मला सोपं जायचं, उलट मजाच यायची. आषाढात एकदा मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई पाहुण्यांसाठी चहा उकळत होती. आत्या तिच्या मागं उभी होती. काही काम करत नव्हती. नुसती वाफेत तोंड धरून, डोळे मिटून उभी होती. मला पाहिल्यावर तिनं पदर सावरला आणि विचारलं, “बोटं कशी हायत गं आज?” मी म्हणाले, तशीच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पाणी न पिता मी बाहेर आले. पण बोटं मी सरळ केली नाहीत. दोन दिवसांनी बाईंकडे जायचं होतं.

श्रावणातला तो सोमवार आला. स्वामी सकाळीच आले. थकलेले, प्रेमळ गृहस्थ होते, कानडी मिसळलेलं मराठी बोलत. सोप्यात घोंगडी अंथरली, मला न्हाऊन माखून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून समोर बसवलं. आई, अप्पा, आत्या आणि निम्मी गल्ली मागं. मंत्र झाले. स्वामी म्हणाले, “डावा हात पुढं कर.” मी केला. दोन बोटं वळलेलीच होती.

स्वामींनी हात पाहिला, आपल्या हातात घेतला आणि हसले. “असू दे बाळ. वाकडी असली तरी चालतंय. देवाला सगळं चालतंय.”

झालं. मी सुटले होते. दीक्षाही होणार होती, बाईही राहणार होत्या, आणि अजून पंधरा-वीस दिवसांनी ती चाल माझी होती. मी मागं वळून आत्याकडे पाहिलं. स्वामींनीच चालतंय म्हटल्यावर ती काय म्हणणार. पण तिचा बोल सिद्धेश्वराशी होता, स्वामींशी नव्हता, आणि तळहात उघडल्याशिवाय तो सुटणार नव्हता. पाच महिने तिनं या दिवसाकडे डोळे लावले होते. तिनं हात जोडले, मान खाली घातली आणि तिचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला.

माझ्या मनात भक्तीबिक्ती काही नव्हती. मी तळहात उघडला. एक, दोन, तीन, चार, पाच, सगळी सरळ, पाटासारखी. स्वामींनी त्यावर लिंग ठेवलं. ते गार होतं, आणि ते जराही हललं नाही.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. अप्पा रडले. श्रेय आत्यानं सिद्धेश्वराला दिलं, गल्लीनं स्वामींना दिलं, स्वामींनी नम्रपणे शंकराला दिलं. आई तेवढी माझ्या हाताकडे बघून हसत होती. उद्यापासून दोन भाकऱ्या तू कर, ती म्हणाली. आत्या स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा पेढे आणि दुकानातलं सगळ्यात चांगलं पांढरं पातळ घेऊन बाईंकडे गेले. मला बरोबर नेलं. “बाई, तुमच्या औषधानं गुण आला,” ते म्हणाले. “काल स्वामींच्या पुढं एकदम उघडला बघा तळहात. गेल्या आठवड्यात तुमीच म्हणालात की अजून आळशी हाय. चमत्कारच की हो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. “आता हिला खरं वाजवता येईल,” त्या जपून म्हणाल्या. “पुढं शिकू द्या. गाणं.”

“पर बरी झाली की,” अप्पा म्हणाले. माझे वडील वाईट नव्हते. ते थांबले, विचारात पडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, “तुला यायचंय व्हय गं अजून?”

हो म्हणायला किती वेळ लागतो. पण हो म्हटलं असतं तर त्यांनी, कशाला, असं विचारलं असतं. ती चाल सांगायची तर वैशाखातच उठलेलं बोटही सांगावं लागलं असतं. मग त्यांना मागचे अडीच महिने मोजता आले असते, माझं खोटं, बाईंचं आळशी बोट, आणि त्या अडीच महिन्यांत वाफेपुढं उभी राहिलेली आत्या. अप्पांना कळलं असतं तर घरी जाऊन आत्याला कळलं असतं. मला आत्याला ते कळू द्यायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “कंटाळा येतो.”

बाईंनी माझा डावा हात मागितला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक एक बोट टोकाशी दाबून पाहिलं. चौथ्याला जरा वेळ लावला. “पक्की आहेत,” त्या अप्पांना म्हणाल्या आणि पातळ ठेवायला आत गेल्या.

मी घरी खोटं बोलत होते तेवढे दिवस बाई माझ्या बाजूनं होत्या. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. त्यांना ते कळलं. पन्नास वर्षं झाली. ती चाल मला अजून येत नाही.